फवारणी किती वेळा होते ते सोड, रात्रपाळीला किती जणी असतात ते विचार

पत्र:

सिस्टर, नमस्कार. माझी आई ८२ वर्षांची आहे, खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती एका केअर होममध्ये राहते, तिथे चोवीस तास नर्सिंग आहे. दोघींची मिळून एक खोली. आईला कमी ऐकू येतं आणि हल्ली थोडा विसरभोळेपणाही आलाय. आता पुन्हा साथ पसरतेय आणि परवा केअर होमच्या ग्रुपवर मेसेज आला की भेटी पुढची सूचना येईपर्यंत बंद, पण घाबरायचं कारण नाही, रोज दोनदा सगळीकडे फवारणी चालू आहे, गेटवर प्रत्येकाचं टेंपरेचर बघतो, दारात सॅनिटायझेशन टनेल बसवलाय आणि सगळा स्टाफ पूर्ण वेळ ग्लोव्ह्ज घालून असतो. हे पुरेसं आहे का? भाऊ म्हणतो आईला आत्ताच्या आत्ता घरी आण, कोविडमध्ये अशा ठिकाणी काय झालं ते विसरलीस का. पण मी नोकरी करते, एकटीला तिला उचलता येत नाही. त्यांना नेमकं काय विचारू? आणि जास्त प्रश्न विचारले तर राग आईवर काढतील अशीही भीती वाटते.
– काळजीतली लेक

उत्तर:

अगं, त्या मेसेजमध्ये जे जे लिहिलंय ते सगळं फोटोत दिसणारं आहे, आणि साथ आत येते ती नेमकी फोटोत न दिसणाऱ्या वाटेने. मी आयुष्यभर वॉर्डात काम केलंय, रिटायर व्हायच्या आधीची काही वर्षं तर इन्फेक्शन कंट्रोलचंच काम होतं, त्यामुळे असे मेसेज वाचले की मला आधी धीर येत नाही, आधी प्रश्न पडतात.

टनेलचं संपवून टाकते. माणसांवर जंतुनाशक फवारू नये, टनेल असो की केबिन, कुठल्याही परिस्थितीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच सांगून ठेवलंय. डोळे चुरचुरतात, कातडीला त्रास होतो, दम्याच्या माणसाला खोकल्याची उबळ येते, आणि ज्याच्या नाकाघशात व्हायरस आहे तो टनेलमधून ओला होऊन आत आला तरी व्हायरस जिथल्या तिथेच. खोल्यांमधल्या फवारणीचंही फार कौतुक नको. कॉटचा कठडा, बेल, कमोडचं हँडल, वॉकरची मूठ या गोष्टी हाताने पुसाव्या लागतात, आधी साबणपाण्याने कारण वर चिकट थर असेल तर औषध खाली पोचतच नाही, मग ०.१ टक्का हायपोक्लोराइट (म्हणजे ब्लीचचं पातळ द्रावण) लावून ते काही मिनिटं ओलं राहू द्यायचं, लगेच कोरडं पुसलं तर केलेलं वाया. द्रावण रोज ताजं, आणि एका बेडचा फडका दुसऱ्या बेडला नाही. यासाठी मशीन लागत नाही, माणूस लागतो आणि त्या माणसाला वेळ लागतो. आता हे "माणूस आणि वेळ" तुला पुढे परत परत दिसेल, कारण माझं सगळं म्हणणं तेवढंच आहे.

गेटवरचं टेंपरेचर. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीमध्ये मार्च २०२० ला एका नर्सिंग होममधल्या ७६ जणांची सरसकट कोविड टेस्ट केली, लक्षणं आहेत की नाहीत ते न बघता. ४८ जण पॉझिटिव्ह निघाले, आणि त्यातल्या २७ जणांना टेस्टच्या दिवशी काही म्हणजे काहीच होत नव्हतं. पुढच्या काही दिवसांत त्यातल्या २४ जणांना लक्षणं आली. म्हणजे अर्ध्याहून जास्त लोक थर्मामीटरच्या समोरून आरामात निघून गेले असते. टेंपरेचर बघू नका असं मी म्हणत नाही, बघा, पण त्याच्या भरवशावर झोपू नका.

मग आत येतं कसं? तुझी आई तर गेटबाहेर जात नाही, तिच्या शेजारच्या कॉटवरच्या आजीही नाहीत. रोज आतबाहेर करतात त्या मावश्या, मामा, सिस्टर, स्वयंपाकघरातली माणसं. यात त्यांचा दोष काढायचा नाहीये बरं का, उलट. त्याच काउंटीत कर्कलंड गावातल्या नर्सिंग होममध्ये फेब्रुवारी २०२० मध्ये मोठा उद्रेक झाला, १८ मार्चपर्यंत तिथल्याशी जोडलेल्या १६७ केसेस मोजल्या गेल्या, १०१ रहिवासी, ५० स्टाफ आणि १६ भेटीला आलेले. नंतर कारणं शोधली तर काय निघालं, स्टाफमधले लोक अंगात लक्षणं असताना कामावर येत होते, काही जण एकापेक्षा जास्त ठिकाणी ड्युटी करत होते, पीपीई म्हणजे मास्क-ग्लोव्ह्ज-गाऊन वगैरे नीट कसं वापरायचं ते सगळ्यांना येत नव्हतं, आणि पहिल्या केसेस ओळखायला उशीर झाला. आता विचार कर, बाई लक्षणं असताना कामावर का येते? कारण सुट्टी घेतली की पगार कापला जातो. दोन ठिकाणी ड्युटी का करते? कारण एका पगारात भागत नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने हे लवकर ओळखलं, मार्च २०२० मध्येच आदेश काढला की एका माणसाने एकाच केअर होममध्ये काम करायचं, आणि नुसता आदेश काढून थांबले नाहीत तर एकाच जागी पूर्ण तास आणि बरा पगार मिळेल अशी व्यवस्था पण केली. ती नसती तर आदेश कागदावरच राहिला असता, कारण घर चालवायला लपूनछपून का होईना दुसरी ड्युटी केलीच असती लोकांनी.

म्हणून तुझा पहिला प्रश्न हा असू दे: आईच्या मजल्यावर दिवसा किती जणी आणि रात्री किती जणी, आणि रोज त्याच असतात का. ड्युटीचा तक्ता बघायला मिळाला तर उत्तमच. एजन्सीकडून बदली माणसं किती येतात, ती अजून कुठे कुठे जातात. आणि आजारी पडलेल्या मावशीला भरपगारी रजा मिळते का. हा शेवटचा प्रश्न मॅनेजरला विचारलास तर "हो हो, मिळते ना" असंच उत्तर येणार, तो मावशीलाच विचार, फोनवर गप्पा मारता मारता सहज, "तुम्हाला बरं नसेल तर काय करता हो?" ती जे सांगेल ते खरं. "गोळी खाऊन येते" म्हणाली तर समज, बाकी सगळे नियम भिंतीवर आहेत.

आता ग्लोव्ह्ज. "पूर्ण वेळ ग्लोव्ह्ज" हे वाक्य वाचून तुला बरं वाटलं असेल, मला धडकी भरली. नुसतं उभं राहून बघितलं की कळतं. ग्लोव्ह्ज घातलेली मावशी एका आजीचं डायपर बदलते, त्याच हाताने चादर ओढते, उशी सारखी करते, पडदा सरकवते, दाराची मूठ फिरवते आणि पलीकडच्या कॉटवरच्या आजींना पाण्याचा ग्लास देते, ग्लास वरून धरून, बोटं काठाला लावून. ग्लोव्ह्जने वाचली फक्त मावशी, तीही अर्धवट, कारण तेच ग्लोव्ह्ज कधीतरी स्वतःच्या नाकाशी जातातच. उघडे हात असते तर तिला चिकट वाटलं असतं, तिने धुतले असते. ग्लोव्ह्ज म्हणजे एका माणसाचं एक काम, काम झालं की काढून टाकायचे आणि काढल्यावर परत हात स्वच्छ करायचे. हाताच्या स्वच्छतेच्या पाच वेळा ठरलेल्या आहेत: पेशंटला हात लावायच्या आधी, ड्रेसिंग-कॅथेटरसारख्या कामाच्या आधी, रक्त-लघवी-थुंकीशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि पेशंटच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यावर. ही पाचवी वेळ सगळ्यात जास्त बुडते, "मी तर फक्त टेबल सरकवलं" असं म्हणून. हँडरब असेल तर २० ते ३० सेकंद चोळायचं, साबणपाण्याने सगळं मिळून ४० ते ६० सेकंद. जुलाब-उलट्यांची साथ असेल तर मात्र साबणपाणीच, जुलाब-उलट्या करणारा नोरोव्हायरस हँडरबला फारसं जुमानत नाही.

हे किती खरं चालतं ते ओळखायची एक युक्ती सांगते. आत जायला मिळालं की हँडरबची बाटली कुठे आहे ते बघ. कॉटजवळ हाताच्या अंतरावर असेल तर वापरली जाते, फक्त जिन्यापाशी असेल तर नाही. मग एकदा दाबून बघ. बाटली भरलेली आणि नळीच्या तोंडाशी जेल वाळून खडा झालेला असेल तर ती कितीतरी दिवसांत कोणी दाबलेलीच नाही. आणि एका मावशीकडे रात्री वीसपंचवीस आजी-आजोबा असतील तर प्रत्येक वेळी हात स्वच्छ करायला ती वेळ आणणार कुठून, नियम कितीही चांगले असू देत. परत तेच आलं बघ.

हवा. दोघींची खोली आहे म्हणालीस. श्वसनाच्या आजारात पडदा ओढला म्हणजे वेगळी खोली होत नाही. खिडकी उघडते का, की एसीसाठी कायमची बंद केलीय? टीव्हीच्या हॉलमध्ये दारं लावून सगळ्यांना एकत्र बसवतात का? जेवण दोन-तीन पाळ्यांत करता येईल का? लहानसा कार्बन डायऑक्साइड मीटर मिळतो, हॉलमध्ये आकडा ८०० पीपीएमच्या खूप वर जात असेल तर लोक एकमेकांचा उच्छ्वास घेतायत असं समजायचं. टनेलऐवजी हा मीटर घेतला असता तर बरं झालं असतं! मास्कचं म्हणशील तर साथ चालू असताना अगदी जवळ जाऊन काम करणाऱ्यांना एन-९५ हवा आणि तो चेहऱ्याला बसलेला हवा, कडेने हवा जात असेल तर नावाचाच एन-९५. पॉझिटिव्ह पेशंटच्या खोलीतून बाहेर येताना मास्क, ग्लोव्ह्ज, गाऊन हे सगळं उतरवायचं कसं ते मावश्यांना कोणी हात धरून शिकवलंय का हेही विचार, कारण चुका घालताना कमी होतात, काढताना जास्त. दमलेलं माणूस घाईने ओढून काढतं.

आता तुझ्या आईबद्दल, आणि हे भावालाही वाचायला दे. म्हाताऱ्या माणसाला इन्फेक्शन झालं तरी ताप येईलच असं नाही. त्यांचं टेंपरेचर मुळातच कमी असतं, म्हणून केअर होममधल्या वृद्धांसाठी डॉक्टर ३७.८ सेल्सियस म्हणजे १०० फॅरनहाइटच्या वर गेलं तरी ताप धरतात, किंवा नेहमीपेक्षा साधारण एक अंश सेल्सियसहून जास्त वाढ झाली तर. पण त्याच्याही आधी दिसतं ते वेगळंच: जेवण टाकलं, अचानक गोंधळल्यासारखं बोलायला लागली, दिवसभर झोप, उभं राहताना तोल गेला, पडली. "वयच झालं आता" म्हणून हे सोडून देतात आणि तिथेच दिवस जातात. बरं, आईला नेहमीचा विसरभोळेपणा कुठला आणि नवीन गोंधळ कुठला हे नव्या बदली मावशीला कसं कळणार? रोजची असेल तिलाच कळणार. म्हणून तू एक पान लिहून त्यांच्या फाइलला लाव. आईचं नेहमीचं टेंपरेचर, नेहमीचं ऑक्सिजन, ती किती जेवते, कोणाला नावाने ओळखते, कुठल्या कानाने ऐकू येतं. आणि मास्कमुळे तिला ओठ दिसत नाहीत, त्यामुळे निम्मं ऐकू येत नसणार, ते स्टाफला "सहकार्य करत नाही" असं वाटू शकतं, म्हणून श्रवणयंत्राच्या जास्तीच्या बॅटऱ्या पाठव आणि मोठ्या अक्षरात लिहायला एक पाटी.

पहिली केस निघाली तर काय करणार, हा प्रश्न आजच विचार, तेव्हा नको. त्या माणसाला कुठल्या खोलीत हलवणार, त्याच्याकडे ठराविक मावश्याच जाणार का की सगळ्याच जाणार, खोलीतल्या जोडीदाराचं काय, सगळ्यांची टेस्ट करणार का, घरच्यांना किती तासांत कळवणार. हॉस्पिटलमधून कोणी परत आलं तर टेस्ट आणि काही दिवस वेगळं ठेवणं होणार का? इंग्लंडमध्ये २०२० च्या सुरुवातीला हॉस्पिटलं रिकामी करायच्या घाईत वृद्धांना टेस्ट न करताच केअर होममध्ये पाठवलं, १५ एप्रिलला कुठे टेस्टचा नियम आला, आणि नव्याने येणाऱ्यांना वेगळं ठेवण्याचा विचार न करता आखलेलं ते धोरण बेकायदा होतं असं तिथल्या हायकोर्टाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं. जे जायचे ते तोवर गेले होते.

आणि हे सगळं बघायला नाव घेऊन एक माणूस नेमलाय का? २००३ च्या सार्स या श्वसनाच्या आजाराच्या साथीत पोळल्यावर हाँगकाँगने प्रत्येक केअर होममध्ये इन्फेक्शन कंट्रोलसाठी एक जबाबदार व्यक्ती ठेवायला लावली, मास्कचा साठा, सराव, सगळं. त्याचा सुरुवातीला उपयोग झाला. पण २०२२ च्या सुरुवातीला कोविडचा ओमिक्रॉन प्रकार आला तेव्हा तिथल्या केअर होममधल्या खूप जणांनी लसच घेतलेली नव्हती आणि तिथेच मोठा फटका बसला. म्हणजे लस राहून गेली तर बाकीचं कमी पडतं. आईची फ्लूची, न्यूमोकोकल (न्यूमोनियासाठीची) आणि आता जी साथ चालू आहे तिची लस झालीय का बघ, तिच्या डॉक्टरांना विचारून घे, आणि स्टाफची झालीय का तेही विचार.

भेटी बंद याबद्दल माझं मत जरा कडक आहे. कर्कलंडच्या आकड्यांत १६ भेटीला आलेले पण होते, त्यामुळे भेटीतून धोका नाही असं मी म्हणणार नाही, आत केस निघाली असेल तर थोडे दिवस दार लावून घेणं बरोबरच आहे. पण "पुढची सूचना येईपर्यंत" हे उत्तर नव्हे. नेदरलँड्समध्ये मे २०२० मध्ये २६ नर्सिंग होममध्ये आधी प्रयोग करून बघितला, प्रत्येकाला एक ठरलेला भेटणारा, नियम पाळून, आणि त्या काळात भेटीमुळे संसर्ग वाढलेला दिसला नाही, मग हळूहळू बाकीच्यांना मुभा दिली. कोणी येत नाही म्हटल्यावर विसरभोळी माणसं झपाट्याने खचतात, खात नाहीत, वजन उतरतं. शिवाय घरचं माणूस आत येत असलं की चार डोळे जास्त असतात, कोरडी जीभ, न बदललेलं डायपर, पाठीवर लाल झालेली जागा आधी तेच बघतं. म्हणून लेखी मागणी कर की आईसाठी एक ठरलेली व्यक्ती, ठरलेली वेळ, मास्क लावून, शक्य असेल तर उघड्यावर, आणि तब्येत फार बिघडली तर कुठल्याही परिस्थितीत आत सोडायचं.

घरी आणायचं का? भावाला विचार, रात्री दोन वाजता आईला कुशीवर कोण वळवणार. टोमणा नाही, खरंच विचार, आणि वारांची नावं घालून कागदावर लिहून घे. घरी पण तू ऑफिसला जाणार, मुलं बाहेर जाणार, कामाला बाई येणार, म्हणजे घर काही बंद डबा नाही. उचलताना ती पडली तर दुसरा खुबा. पण वर सांगितलेल्या प्रश्नांना उडवाउडवीची उत्तरं मिळाली, रात्री माणसंच नाहीत असं कळलं, आणि भावाने खरोखर रात्री वाटून घेतल्या, तर आण, आणि केस निघायच्या आधी आण. केस निघाल्यावर आणलंस तर ती संसर्ग घेऊन येत असू शकते, मग टेस्ट, वेगळी खोली, घरातल्यांना मास्क, हे सगळं आलं. आणायच्या आधी जागा राखून ठेवतील का, परत घेताना काय अटी, हे लेखी घे, तोंडी नको. मला विचारशील तर, रोजच्या त्याच मावश्या असतील आणि आजारपणात त्यांचा पगार कापत नसतील, तर टनेल असला तरी मी आईला तिथेच ठेवीन.

राग काढतील या भीतीचं. ती खोटी नाही, पण प्रश्न कसा विचारतो त्यावर बरंच असतं. ग्रुपवर विचारू नकोस, तिथे मॅनेजरला सगळ्यांसमोर बचावात जावं लागतं. फोन करून वेळ घे, सिस्टर इनचार्जशी बोल, "मला समजून घ्यायचंय, आमच्याकडून काय मदत होईल" अशी सुरुवात कर, आणि बोलणं झाल्यावर काय ठरलं ते दोन ओळींत मेसेज करून ठेव. बाकीच्या चारपाच घरांतल्या लोकांनाही सोबत घे, एकटी तू विचारलंस तर कटकटी ठरशील, पाच जणांनी विचारलं तर ती मीटिंग होते. त्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी मिळून एकच मागणी करायची असेल तर आजारी मावशीच्या भरपगारी रजेची करा, त्यासाठी महिन्याला थोडे जास्त पैसे मोजायची तयारी आहे हेही आपणहून सांगा. मॅनेजर फवारणीचा विषय काढेल, काढू दे, ऐकून घ्या आणि परत रजेवर या.